हात कुणी वर करायचा?

मस्कतच्या विमानतळावर उतरल्यावर पाच मिनिटांत मी चुकीच्या रांगेत उभी होते. चूक म्हणायची ती आपली सभ्यपणा म्हणून. एका बाजूला आमची रांग, वळसे घेत घेत पार दारापर्यंत गेलेली. दुसऱ्या बाजूला एक रिकामी खिडकी आणि तिच्यामागे पांढऱ्याशुभ्र झग्यातला एक तरुण अधिकारी. त्र्याहत्तराव्या वर्षी रिकामी खिडकी दिसली की वरची पाटी वाचता येत नाही, हा माझा आजार आहे.

"अम्मा, ये लाइन आपकी नहीं है."

"पर खाली तो है."

"खाली है," तो हसून म्हणाला, "मगर छह मुल्कों की है."

मग मी पाटी वाचली. आखाती सहकार परिषदेतले सहा देश, त्यांच्या नागरिकांसाठी ती खिडकी होती. मी विचारलं, "ये छह आपस में सब एक हैं क्या?"

"लाइन में एक हैं, अम्मा. हर चीज़ में नहीं."

गाडीत बसल्यावर जावयांनी उलगडा केला. सहाही देश एका परिषदेत आहेत, त्यांची माणसं एकमेकांकडे साध्या ओळखपत्रावर जातात-येतात. पण सगळ्यांनी मिळून एकच चलन करायचं घाटत होतं तेव्हा ओमानने आधीच हात जोडले. आपला रियाल आपल्याकडे ठेवला. परिषदेत मात्र आहेच.

"म्हणजे पंगतीत बसायचं, पण एक पदार्थ वाढू नका म्हणायचं?"

"तसंच."

"मग त्या पदार्थात मीठ किती घालायचं हे ठरवताना ओमानला विचारायचं की नाही?"

जावयांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आई, विमानात काही खाल्लंत का तुम्ही?" मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर रस्ता इतका गुळगुळीत आणि डोंगर इतके उघडेवाघडे की देवाने डोंगर घडवले आणि झाडं लावायला दुसरा कुणीतरी येणार म्हणून निघून गेला, असं वाटावं.

माझी मुलगी मेधा सीबला राहते. मस्कतच्या पश्चिमेला समुद्राकाठची ही मोठी वस्ती. आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं इथे आहेत. शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं एकमेकांशी इंग्रजीत भांडतात. माझी नात ईरा दहा वर्षांची. तिने दारातच मला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, तू किती छोटी झाली!" मराठीतलं हे पहिलं वाक्य. ते इतकं खरं होतं की मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सीबच्या जुन्या बाजारात गेले. समुद्राला लागून मासळीबाजार आहे. एका ओट्यापाशी एक बाई कनद (आपली सुरमई) उलटीपालटी करत विक्रेत्याला अरबीत काहीतरी सुनावत होती आणि मध्येच स्वतःशी पुटपुटली, "ह्याचो डोळो बघा, परवाचो हाय मेलो."

मी म्हटलं, "मेला तर तो असणारच."

तिने दचकून पाहिलं आणि मग दोघी एवढ्या हसलो की विक्रेत्याने घाबरून भाव कमी केला. तिचं नाव शमीम. माहेर दापोलीच्या बाजूला, नवऱ्याचं इथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. पन्नाशीची, ठेंगणी, पदर आणि ओढणी यांच्या मधलं काहीतरी डोक्यावर घेतलेली. बोलता बोलता कळलं की ईरा दर शुक्रवारी ज्या मराठीच्या वर्गाला जाते, तो हीच घेते. सहा वर्षं. बारा मुलं.

"पर आता ह्योच शेवटचो महिनो, मावशी," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी त्यांची मीटिंग हाय. वर्ग बंद करणार."

"कोण बंद करणार?"

तिने सांगितलं ते असं. मस्कत, सीब, सोहार आणि निझवा या चार गावांतल्या मराठी कुटुंबांचा मिळून एक 'मेळ' आहे. सण चौघांचे एकत्र. मोठी भांडी, सतरंज्या तिघांच्या सामाईक, कारण सोहारकडे त्यांच्या स्वतःच्या आहेत. मराठीचा वर्ग फक्त मस्कत आणि सीबचा, कारण बाकीच्यांना दर शुक्रवारी मूल आणणं परवडत नाही, लांब पडतं. सीबला एक छोटा हॉल चौघांनी मिळून घेतलाय, त्यात हा वर्ग भरतो. आता पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तालमीसाठी तो हॉल शुक्रवारी हवा आहे, म्हणून वर्गच बंद करावा असा ठराव आलाय. चार गावं, चार मतं. सोहार आणि निझवा ठरावाच्या बाजूने आहेत आणि मस्कतचं मन डळमळतंय.

"त्यांची पोरां येतच नायत वर्गाला," शमीम म्हणाली. "मग ती हात कशाला वर करतायत? एका गावाला एक मत म्हणं. कुणा शाण्याने केलाय हो नियम, देव जाणे!"

मी घाईघाईने माशाचे कल्ले बघू लागले. कारण तो शाणा म्हणजे मी.

याला थोडा मागचा संदर्भ लागेल. सत्तावीस वर्षांची असताना मी भोरच्या बाजूला एका खेड्यात शिक्षिका होते. सात गावांची मिळून एक नळपाणी योजना झाली आणि तिच्या संयुक्त समितीवर मला चिटणीस केलं, अक्षर चांगलं म्हणून. त्या चिटणीसबाईचं, म्हणजे माझंच, काय वर्णन करू! जाड भिंगांचा चष्मा, काखेत नियमावली, आणि लोकशाही आपणच प्रथम शोधून काढली असा चेहरा. तिने नियम केला, एका गावाला एक मत. दोन गावांना स्वतःचे झरे होते, त्यांनी योजनेचं पाणी घेतलंच नव्हतं, पण खुर्च्या सोडल्या नव्हत्या. टाकी कुठल्या वारी धुवायची हे ठरायचं होतं. त्या दोन गावांनी बाजाराचा वार सुचवला, कारण त्या दिवशी त्यांचा टाकी धुणारा माणूस तसाही रिकामा असायचा. आणखी दोन गावांनी साथ दिली आणि बहुमत झालं. शेवटच्या वाडीला नेमकं बाजाराच्या दिवशी पाणी नाही. त्या वाडीची एक बाई सभेत उभी राहिली. "ह्ये पाणी तुमी पीत न्हाय, मग हात कशापायी वर करताय?"

आणि चिटणीसबाई काय म्हणाल्या? "बाई, याला लोकशाही म्हणतात. समजून घ्या." वर इतिवृत्तात लिहिलं, 'शंकेचे समाधान करण्यात आले.'

ती बाई हंडा घेऊन ओढ्यावर जायची. मी ते शाळेच्या खिडकीतून पाहायची आणि मुलांना नागरिकशास्त्र शिकवायची.

मेधाला लहानपणी मी ही गोष्ट अनेकदा सांगितली. अर्थात हंड्यापर्यंत कधी गेले नाही. सात गावांना समान मत कसं मिळवून दिलं, एवढीच. चार वर्षांपूर्वी ती मेळाची चिटणीस झाली आणि तिने फोनवर विचारलं, "आई, नियम कसे करू?" तेव्हा मी खुर्चीत ताठ बसून सांगितलं होतं, "एका गावाला एक मत. डोळे झाकून कर."

त्या संध्याकाळी मी मेधाला म्हटलं, "वर्ग बंद करताय म्हणे."

"मी नाही करत. सभा करतेय. मी फक्त नियम पाळते." आवाज माझाच. चष्मासुद्धा माझाच म्हणायचा, फक्त काचा पातळ.

"नियम चुकीचा असेल तर?"

"आई, तूच दिलास तो!"

ईरा मध्येच म्हणाली, "म्हणजे आजीमुळे माझा क्लास बंद होणार?" मी कनदचा काटा काढण्यात बराच वेळ घालवला.

शनिवारी जावयांनी आम्हाला निझवाच्या वाटेवर डोंगराच्या कुशीतलं एक गाव दाखवायला नेलं. मातीच्या रंगाची घरं, खाली खजुराची दाट बाग आणि मधून वाहणारा फलज (डोंगरातून उताराने आणलेला पाण्याचा पाट). हातभर रुंद आणि इतका नितळ की तळाचे खडे मोजावेत. मी चप्पल काढली, काठावर बसले आणि पाय सोडले पाण्यात. अहाहा!

"अम्मा! अम्मा! ऊपर पाँव नहीं!"

एक म्हातारे गृहस्थ काठी उंचावत येत होते. मी गडबडीने उठले, त्या गडबडीत एका चपलेला पाय लागला आणि ती पाण्यात पडून निघाली प्रवासाला. पुढे चप्पल, मागे म्हातारे, त्यांच्यामागे अनवाणी मी आणि सगळ्यांत मागे "आई, हळू!" म्हणत जावई. ही मिरवणूक सगळ्या गावाने पाहिली.

त्यांचं नाव सालिम. तरुणपणी मस्कतला लागूनच्या मत्रहच्या बंदरावर एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर होते, म्हणून हिंदी येत होतं. चपलेमागे चालता चालता ते मला सांगत राहिले. आपण होतो ती सगळ्यांत वरची जागा पिण्याच्या पाण्याची. तिथे वाटसरूसुद्धा घागर भरू शकतो, कुणाला विचारायचं नाही. त्याखाली मशिदीतल्या हातपाय धुण्याची. मग पुरुषांच्या आंघोळीची, मग भिंतीआडची बायकांची. माझी चप्पल बिनदिक्कत या सगळ्यांतून गेली. भिंतीआडून हसण्याचा आवाजही आला. शेवटी बागेच्या तोंडाशी दगड आणि चिंधी लावून पाट अडवला होता, तिथे ती सापडली.

"यहाँ से नीचे हिस्सेवालों का," सालिम म्हणाले. इथून पुढे पाणी ज्यांचा वाटा आहे त्यांच्या शेतात जातं, पाळीपाळीने. एक अथर म्हणजे साधारण अर्ध्या तासाची पाळी. मोकळ्या जागी एक खांब उभा होता, त्याची सावली कुठल्या खुणेवर आली यावरून दिवसा पाळी ठरते. सावली सगळ्यांना दिसते, त्यामुळे कुणी म्हणू शकत नाही की मला माहीत नव्हतं. सालिम पूर्वी या फलजाचे वकील होते. कोर्टातले नव्हेत. पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या गावच्या माणसाला तिथे तसं म्हणतात.

आम्ही खजुराखाली बसलो. त्यांनी बोटभर पेल्यात कहवा दिला. मी ओली चप्पल उन्हात ठेवली आणि माझ्या मनातलं विचारलं.

"जिसका हिस्सा नहीं, वो बैठक में आता है?"

"आता है. बोलता है. सबसे ज़्यादा वही बोलता है."

"और हाथ?"

"हाथ वही उठाएगा जिसका खेत सूखेगा."

"और बिना हिस्सेवाला आपकी शिकायत करे तो? आप कहेंगे, तुम कौन?"

सालिम माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पुन्हा पिण्याच्या जागी पाय सोडलेत. "कैसे कहूँगा, अम्मा? पीता तो वो भी है. जवाब सबको देना पड़ता है."

परतताना गाडीत मी ती चप्पल मांडीवर घेऊन बसले होते. जावयांना वाटलं, ऊन लागलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका बाईने हेच विचारलं होतं आणि मी तिच्या शंकेचं समाधान केलं होतं.

शुक्रवारी सभा मेधाच्याच घरी होती. चार गावांची मिळून वीसेक माणसं, समोसे आणि चहा. शमीम स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिला सभेत जागाच नव्हती. मेळात गावं सभासद, ती नुसती शिकवणारी. ठराव वाचून झाल्यावर मी हात वर केला.

"आई, तू पाहुणी आहेस," मेधा दातांतून म्हणाली.

"म्हणूनच नुसतं बोलणार आहे. मत देणार नाही."

आणि मी सांगितलं. हंड्यासकट सांगितलं. एका गावाला एक मत हा नियम माझा आहे, मी तो एका वाडीवर चालवून पाहिला आहे, आणि त्यात मत देणारे वेगळे आणि तहानलेले वेगळे निघाले. वर्गात ज्यांची मुलं आहेत त्या दोन गावांनीच वर्गाचं ठरवावं.

निझवाचे देशमुख उठले. तिथल्या महाविद्यालयात शिकवतात, उंच, शांत माणूस. "काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आज आमची मुलं वर्गात नाहीत, उद्या येतील. तोवर तुम्ही दोघं सगळं ठरवून मोकळे. मग आम्ही यायचं ते तुमच्या तयार ताटावर? आणि हॉल चौघांचा आहे. हॉलबद्दल आम्ही का बोलू नये?"

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. सत्तावीस वर्षांची असते तर मी नियमावली उघडली असती. आता मान डोलावली. सगळे एकदम बोलू लागले. सोहारच्या एक बाई म्हणाल्या, "मग उद्या भांड्यांच्या वेळी आम्हाला बाहेर बसवणार?" कुणीतरी म्हणालं, "बसाच की, तुमची भांडी तुमच्याकडे आहेत!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शमीम म्हणाली, "हॉल घ्या."

सगळे वळले. तिच्या हातात गाळणं तसंच होतं.

"हॉल चौघांचो हाय, चौघांनी ठरवा. तालमीला घ्या खुशाल. पर वर्ग म्हंजे काय हॉल नाय. वर्ग दोघांचो. जागा नसंल तर मी पोरांना दारोदार घेऊन बसंन, पर बंद करायचो की नाय ते त्यांच्या आयाबापसांनाच विचारा."

इतकं सोपं होतं ते. आम्ही शिकलीसवरलेली माणसं एकाच ठरावात दोन गोष्टी बांधून त्यावर भांडत होतो, आणि चहा गाळता गाळता तिने त्या सोडवल्या. मेधाने ठरावाचे दोन भाग केले. हॉल तालमीला गेला, चारही गावांच्या मताने. मग उरला वर्ग. त्यावर मत मस्कत आणि सीबचं, बोलायची मुभा सगळ्यांना.

"मग मी बोलतो," देशमुख म्हणाले. "मत नाही, पण विचारतो. शमीमताई, सहा वर्षं झाली. बारा मुलं आहेत. त्यातल्या किती जणांना मराठी वाचता येतं?"

हा प्रश्न सहा वर्षांत मस्कतने विचारला नव्हता, सीबने विचारला नव्हता, आणि मी तर इतके दिवस ईराच्या शेजारी झोपूनही विचारला नव्हता. शमीमला म्हणता आलं असतं, तुम्ही कोण विचारणारे? तुमचं पोर कुठं येतं वर्गाला? सभा तिच्या बाजूची होती.

तिने गाळणं खाली ठेवलं.

"तिघांना," ती म्हणाली. "बाकीची बोलतात. गोष्ट सांगतात, भांडतात, आजीशी फोनवर बोलतात. पर वाचायचं मला नाय जमलं शिकवायला. जोडाक्षर आलं की अडतात. मीच चौथीपर्यंत मराठी शिकलंय, मग उर्दू. माजीच जोडाक्षरं कच्ची हायत."

मस्कतच्या एका आईचा चेहरा उतरला. तिचा मुलगा चार वर्षं येत होता. मला वाटलं, संपलं. खरं बोलून हिने आपल्याच हाताने वर्ग बुडवला.

मस्कतवाले आणि सीबवाले गॅलरीत गेले. आत आम्ही बिनमताची माणसं समोसे खात बसलो. शमीम खाली बघत होती. देशमुख तिला म्हणाले, "मला तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं." ती म्हणाली, "इचारलात तां बरं केलात. सहा वर्षांत मला ह्यां कुणी इचारलांच नव्हतां."

पंधरा मिनिटांनी ते आत आले. वर्ग चालू. पाळीपाळीने एकेकाच्या घरी. महिन्यातून एकदा वर्गाला चारही गावांतलं कुणीही येऊन मागे बसेल आणि काय वाटेल ते विचारेल, आणि शिकवणाऱ्याने उत्तर द्यायचं. वाचायला शिकवणारं दुसरं कुणीतरी शोधायचं.

"दुसरं कुणी कशाला?" मेधा माझ्याकडे बघत म्हणाली. सूड असा थंडपणे उगवायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. "आई पस्तीस वर्षं शिक्षिका होती. व्हिडिओवर घेईल."

निघायच्या आधी मत्रहच्या बाजारात जाऊन मी लोबान घेतला, आणि माझ्या जुन्या चपलेला त्या पाण्याने कडकपणा आला होता म्हणून नवी जोडीही. शमीम विमानतळावर आली नाही, वर्गाचा दिवस होता. परतीच्या विमानात शेजारच्या मुलाने विचारलं, ओमानमध्ये काय पाहिलंत? मी म्हटलं, "एक पाट." तो बिचारा दुसऱ्या प्रश्नाच्या फंदात पडला नाही.

पुण्याला आल्यावर पहिला शुक्रवार आला. ओमानची वेळ आपल्या दीड तास मागे, वर्ग तिथल्या चारला. मी तो दीड तास उलटा धरला. म्हणजे अडीच वाजता इस्त्रीची साडी नेसून, फळ्यावर 'च्या', 'ज्या', 'त्या' लिहून फोनसमोर बसले. कुणी नाही. तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. लोकांना कशी किंमत नाही यावर मनातल्या मनात एक भाषण केलं आणि रागारागाने जाऊन झोपले. जाग आली तेव्हा सहाला दहा कमी होते आणि फोन एकसारखा थरथरत होता.

पडद्यावर बारा चेहरे, शमीम, आणि मागे भिंतीला टेकून देशमुख. निझवाहून दीड-दोन तास गाडी चालवून आलेले, महिन्याच्या प्रश्नांसाठी.

"काकू," ते म्हणाले, "वीस मिनिटं मुलं बसून आहेत. काय झालं?"

त्यांचं मूल त्या खोलीत नव्हतं. ठरावात त्यांचं मत नव्हतं. तुम्हाला काय करायचंय, असं म्हणायचा मला पूर्ण हक्क होता, आणि खरं सांगते, ते जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

"माझं गणित चुकलं," मी म्हटलं. "आणि नंतर मी झोपले." मग बाराही जणांची एकेकाचं नाव घेऊन माफी मागितली, आणि पहिलं जोडाक्षर काढलं.